विसण

आमच्या घरी तांब्याचा बंब होता. पहाटे आजी त्यात ढलप्या आणि नारळाच्या करवंट्या कोंबायची. मग तोटीतून यायचं ते पाणी नुसतं गरम नसायचं, कढत असायचं. ते घंगाळात पडण्याआधी तळाशी गार पाणी हवंच, हा घरचा कायदा. न्हाणीच्या दारावर थाप पडायची, "विसण घेतलंस का रे?"

आता विसण म्हणजे काय, हे माझ्याच मुलीला समजावून सांगावं लागतं. कढत पाणी अंगाला सोसेल असं करायला त्यात घालायचं गार पाणी, बस. त्यासाठी एक स्वतंत्र शब्द राखून ठेवणारी माणसं आंघोळीला किती मानत असतील!

आजी कोपर बुडवून पाणी बघायची आणि डोक्यावर कोमटच घ्यायला लावायची. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भटही तेच सांगतो: मानेखाली ऊन पाणी बळ देतं, डोक्यावर घेतलं तर केसांचं आणि डोळ्यांचं बळ नेतं. आजीने वाग्भट वाचला नव्हता. पण डोक्यावरून वाफाळते तांबे ओतणारे, तुळतुळीत टकलाचे आजोबा तिच्या रोजच्या पाहण्यात होते.

फिनलंडमधली माणसं ८०-९० अंशांच्या लाकडी खोलीत, म्हणजे सौनात, बसून तापल्या दगडांवर आणखी पाणी शिंपडतात, हे कळलं तेव्हा आजीच आठवली. तिथल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांवर वीसेक वर्षं लक्ष ठेवून २०१५ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा सौना घेणाऱ्यांपेक्षा चार ते सात वेळा घेणाऱ्यांमध्ये हृदय अचानक बंद पडून येणारे मृत्यू बरेच कमी होते. मला यात एक खोच दिसते. इतक्या वेळा घाम गाळत बसायला ज्याला जमतं, त्याची तब्येत मुळातच बरी नसेल का? पण त्याच देशात हाइनोला गावी सौनात कोण जास्त वेळ टिकतं याची जागतिक स्पर्धा भरायची. २०१० साली ११० अंशांत अंतिम फेरीतला एक रशियन स्पर्धक दगावला आणि स्पर्धा कायमची बंद पडली. एरवी फिनिश माणूस तापला की सरळ तळ्यात उडी मारतो. म्हणजे विसण तोही घेतो, फक्त सगळ्या अंगाला एकदम. (हृदयाचं दुखणं असेल तर ही उडी टीव्हीवर बघावी.)

माझी फजिती वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीच्या कुंडात झाली. गंधकाचा वास, ऊन पाणी, सुटलेले सांधे. मी गळ्यापर्यंत बुडून बसलो तो बसलोच. ताडकन उठलो आणि डोळ्यांपुढे काजवे! "बसा, बसा खाली," शेजारच्या आजींनी मनगटच धरलं. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. त्यात एकदम उभं राहिलं की मेंदूकडे रक्त पोचायला क्षणभर उशीर होतो. जपानात हिवाळ्यात गारठलेल्या खोलीतून कढत टबात उतरणारे कितीतरी म्हातारे टबातच जातात. रक्तदाब आधी थंडीने चढतो, मग पाण्याने कोसळतो.

पण झोपेच्या तास-दीड तास आधी ऊन पाण्याने आंघोळ केली की मला लवकर झोप लागते. तळहात-तळपायांकडे रक्त धावतं, तिथून उष्णता बाहेर पडते, आतून शरीर निवतं आणि निवलेल्या शरीराला झोप येते. गंमत म्हणजे ऊन पाणी घ्यायचं ते गार होण्यासाठी.

बंब मोडीत गेला. मध्ये काही वर्षं बिनखिडकीच्या बाथरूममध्ये गॅस गिझर होता. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो आणि त्याला वासही नसतो, हे कळल्यावर तो मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकला. बंबाचा धूर निदान डोळ्यांत पाणी आणून वर्दी द्यायचा.

आता गच्चीवर सोलर आहे. सकाळी गरम पाण्याचा नळ सोडला की आधी नळीतलं गारच येतं, चांगलं अर्धी बादली. मुलगी ते सोडून द्यायला निघाली होती. मी म्हटलं, राहू दे गं, वरून कढत येतंय.