पर्फ रिपोर्टची पहिली ओळ वाचून धावत सुटू नका

सर्व्हर स्लो झाला की पहिलं काय होतं, तर कोणीतरी टॉप ही कमांड लावतं, त्यात सीपीयू नव्वदच्या वर दिसतो आणि मग चार-पाच जण मिळून टॉपकडे बघत बसतात, जसं काही बघून बघून तो खाली येणारे. टॉप फक्त कुठली प्रोसेस खातेय एवढंच सांगतो. त्या प्रोसेसमधलं नेमकं कुठलं फंक्शन खातंय ते पर्फ हा मोजमाप करणारा प्रोग्राम सांगतो, आणि तो २००९ पासून, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.३१ पासून लिनक्सच्या सोर्समध्येच बसलेला आहे. डेबियनवर लिनक्स-पर्फ नावाचं पॅकेज, उबुंटूवर लिनक्स-टूल्समधलं तुमच्या कर्नलच्या व्हर्जनशी जुळणारं, झालं.

तरी लोक वापरत नाहीत, आणि वापरतात ते पर्फ रिपोर्ट, म्हणजे मोजलेल्याची यादी, उघडून सगळ्यात वरची ओळ वाचतात आणि लगेच ग्रुपवर टाकतात, "सापडलं!" माझा सगळा वैताग या "सापडलं"वर आहे.

आधी रेकॉर्डचं, म्हणजे मोजणीचं, पटकन सांगतो. मी साधारण असं चालवतो: पर्फ रेकॉर्ड, मायनस एफ ९९, मायनस ए, मायनस जी, आणि शेवटी स्लीप ३०. म्हणजे अर्धा मिनिट सगळ्या सीपीयूंवर सेकंदाला ९९ वेळा डोकावून बघ की आत्ता काय चाललंय, आणि प्रत्येक वेळी कॉलची साखळी (कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं) पण लिहून ठेव. १०० नाही आणि ९९ का, तर सिस्टममधली बरीच कामं १००च्या ठेक्यावर चालतात, आपणपण त्याच ठेक्यावर डोकावलो तर दरवेळी तेच तेच दिसेल किंवा कधीच दिसणार नाही, म्हणून मुद्दाम थोडं हुकवायचं. प्रत्येक डोकावण्याचं एक सॅम्पल, आणि हे सगळं पर्फ डॉट डेटा नावाच्या फाईलमध्ये जातं, पर्फ रिपोर्ट तीच फाईल वाचतो. परमिशनचं रडगाणं आलं तर पर्फ इव्हेंट पॅरानॉइड नावाचं सेटिंग बघा, ते बहुतेक ठिकाणी २ किंवा त्याहून कडक असतं, त्यामुळे साध्या युजरला कर्नलच्या आतलं दिसत नाही. सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावा आणि पुढे चला.

आता रिपोर्ट. क्लाउडवरच्या व्हर्च्युअल मशीनवर चालवलात तर बऱ्याचदा पहिल्याच ओळीत स्वॅपर दिसतं, आणि टक्केवारी पण दणदणीत. हे बघून मेमरी वाढवायला निघालेले लोक मी पाहिलेत. अहो, तो स्वॅपर म्हणजे रिकामा बसलेला सीपीयू, त्याचा स्वॅपशी (मेमरी कमी पडली की डिस्क वापरण्याशी) काडीचा संबंध नाही. अशा मशीनवर हार्डवेअरचे काउंटर (सीपीयूच्या सायकल्स, म्हणजे ठोके, मोजणारे) मिळत नाहीत तेव्हा पर्फ गुपचूप सीपीयू-क्लॉकवर, म्हणजे नुसत्या टाइमरवर, उतरतो आणि मग निवांत बसलेल्या वेळाची पण सॅम्पल्स मोजली जातात. म्हणून आधी रिपोर्टच्या डोक्यावरची ओळ वाचायची, कुठला इव्हेंट, किती सॅम्पल्स. सायकल्स लिहिलंय का सीपीयू-क्लॉक, यावर खालच्या सगळ्या टक्क्यांचा अर्थ बदलतो. आणि सॅम्पल्सच मूठभर असतील तर दोन टक्के आणि तीन टक्के यात फरक शोधत बसण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, मायनस जी लावलंत की डावीकडे दोन आकडे येतात, चिल्ड्रन आणि सेल्फ. सेल्फ म्हणजे त्या फंक्शनने स्वतः जाळलेला वेळ, चिल्ड्रन म्हणजे स्वतःचा अधिक त्याने ज्यांना ज्यांना बोलावलं त्यांचा पण. सॉर्टिंग मुळातच चिल्ड्रनवर असतं, त्यामुळे मेन वगैरे मंडळी ऐटीत वर बसलेली असतात आणि त्यांचा सेल्फ बघावा तर शून्य. काम करणारा कोण ते बघायचं असेल तर नो-चिल्ड्रन लावा. काम लावणारा कोण ते बघायचं असेल तर चिल्ड्रन ठेवा. दोन्ही बघायचं, हे मी ज्युनियर मुलांना सांगून सांगून थकलो.

याचं एक खरं उदाहरण सांगतो म्हणजे पटेल. एक सी प्लस प्लसमधली सर्व्हिस होती, मल्टिथ्रेडेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारे बरेच थ्रेड), भरपूर रिक्वेस्ट घेणारी, फायली फारशा उघडत नव्हती, सगळं मेमरीत. लोड वाढला की हळू व्हायची. नो-चिल्ड्रनने रिपोर्ट काढला तर वरच्या बऱ्याच ओळी चौकोनी कंसात के लिहिलेल्या, म्हणजे कर्नलमधल्या, आणि नावं कसली, तर लिंक पाथ वॉक, युजरकडून स्ट्रिंग कॉपी करणारं ते फंक्शन, असली. ही फायलींचे पत्ते शोधणारी मंडळी. जी सर्व्हिस फायलींना हातच लावत नाही तिच्यात ही कुठून आली? लगेच "डिस्क स्लो आहे" असा निष्कर्ष निघाला, स्टोरेजवाल्यांना मेल जायच्या बेतात होता.

तेवढ्यात त्या ओळीची साखळी उघडली. खालून वर चढत गेलं की स्टॅट सिस्टम कॉल (फाईलची माहिती कर्नलला विचारणारा), त्याच्यावर जीलिबसी या सीच्या मूळ लायब्ररीमधलं टीझेड फाईल रीड, त्याच्यावर टीझेड कन्व्हर्ट, त्याच्यावर लोकलटाइम, आणि त्याच्यावर आमचा लॉगर. म्हणजे लॉगच्या प्रत्येक ओळीवर वेळ छापायला लोकलटाइम बोलावलं जात होतं, आणि टीझेड नावाचं, टाइमझोन सांगणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट नसेल तर जीलिबसी दरवेळी जाऊन बघतं की ईटीसीमधली लोकलटाइम फाईल बदलली तर नाही ना. भारताचं घड्याळ साडेपाच तास पुढे आहे ते काही दर मिलिसेकंदाला बदलत नाही, पण विचारायचं मात्र दरवेळी! टीझेडमध्ये एशिया/कोलकाता टाकलं आणि सर्व्हिस रिस्टार्ट केली, ती मंडळी रिपोर्टमधून गायब. नंतर कोडमध्ये लोकलटाइम काढून लोकलटाइम-आर केलं, ते जास्त बरं, त्यात दरवेळची ही चौकशी होत नाही.

साखळी नीट दिसली हे मात्र नशीब नाही, उबुंटू २४.०४ होतं. त्यात पॅकेजेस फ्रेम पॉइंटर (कोणी बोलावलं त्याचा माग ठेवणारी खूण) ठेवून बिल्ड केलेली आहेत, फेडोराने पण ३८ पासून तेच केलंय. जुन्या डिस्ट्रोवर हीच साखळी मध्येच तुटते, वर नुसतं अननोन अननोन येतं, आणि मग कॉल-ग्राफला ड्वार्फ (डीबग माहितीवरून साखळी जुळवायची पद्धत) सांगून परत रेकॉर्ड करावं लागतं. ते चालतं, पण प्रत्येक सॅम्पलबरोबर स्टॅकचा (चालू कॉल्सच्या मेमरीचा) मोठा तुकडा फाईलमध्ये ओतला जातो, पर्फ डॉट डेटा बघता बघता फुगते आणि रिपोर्ट उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. ड्वार्फ लावायचंच असेल तर वेळ कमी ठेवा, ५-१० सेकंद.

आता मजा अशी, की रिपोर्टमध्ये या लोकलटाइमचा वाटा जेमतेम पाव होता आणि रिस्पॉन्स टाइम त्यापेक्षा कितीतरी जास्त सुधारला. का? कारण लोकलटाइमच्या आत एक लॉक आहे (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं), अख्ख्या प्रोसेसला मिळून एकच, आणि सगळे थ्रेड त्याच्या दारात रांग लावून उभे होते. उभा राहिलेला, झोपलेला थ्रेड सीपीयू खात नाही, म्हणून सायकल्सच्या रिपोर्टमध्ये तो दिसतच नाही. शंभर टक्के लिहिलेलं असतं ते सीपीयूवर गेलेल्या वेळाचे शंभर टक्के, तुमच्या रिक्वेस्टला लागलेल्या वेळाचे नव्हे. रिक्वेस्टला ८०० मिलिसेकंद लागत असतील आणि त्यातले ७०० नुसते वाट बघण्यात जात असतील तर रिपोर्ट उरलेल्या १००चंच गाणं गाणार. ते बघायला पर्फ स्केड रेकॉर्ड आणि मग पर्फ स्केड टाइमहिस्ट आहे, त्यात प्रत्येक थ्रेड किती वेळ थांबला, उठल्यावर सीपीयू मिळायला किती उशीर झाला आणि पळाला किती, असे तीन वेगळे रकाने येतात. फक्त ते प्रॉडक्शनवर दोन-तीन सेकंदांच्या वर चालवू नका, प्रत्येक कॉन्टेक्स्ट स्विच (सीपीयूवरचा थ्रेड बदलणं) लिहिला जातो.

एक अजून. दुसऱ्यांदा रेकॉर्ड केलं की पर्फ आधीच्या फाईलला ओल्ड असं शेपूट लावून बाजूला ठेवतो, आणि नुसतं पर्फ डिफ म्हटलं की आधीचा वाटा आणि आता त्यात पडलेला फरक शेजारी शेजारी दाखवतो. बदल केल्यावर पुरावा म्हणून हे झकास. आम्ही केलं तेव्हा टीझेडवाली मंडळी उणे झाली पण जेसन पार्सर (जेसन डेटा वाचणारा कोड) अधिक झाला, आणि लगेच एकाने विचारलं की पार्सर का स्लो झाला. पार्सर तेवढाच होता हो, बाकीचे गेल्यामुळे एकूणातला त्याचा वाटा वाढला. अशा वेळी पर्फ स्टॅट लावून तेवढ्याच रिक्वेस्टला एकूण सायकल्स किती लागल्या ते मोजायचं, टक्के नाही.