ठणका थांबला म्हणून येणं थांबवू नका

मी कराडजवळच्या एका बाजाराच्या गावात दातांचा दवाखाना चालवते. रूट कॅनल, म्हणजे दाताच्या आतली खराब नस काढून मुळांतल्या नळ्या साफ करून भरणं, म्हटलं की पेशंट दोनच गोष्टी विचारतात: दुखेल का, आणि खर्च किती. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि मी त्यांची उत्तरं देतेच. पण वाचू शकल्या असत्या अशा किती तरी दाढा मला काढाव्या लागतात, त्याचं कारण भीतीही नसतं आणि पैसाही नसतो. दुखायचं थांबलं, म्हणून माणूस यायचा थांबला, हेच बहुतेकदा घडलेलं असतं.

दाताच्या मधोमध एक पोकळी असते. तिच्यातल्या मऊ भागाला आपण सरसकट नस म्हणतो. त्यात नसा असतात तशा बारीक रक्तवाहिन्याही असतात. कीड वरवर असते तोवर काही जाणवत नाही. ती आत सरकली की गार पाणी झोंबतं, पण क्षणभरच. या टप्प्यावर आलात तर बऱ्याचदा साफ करून सिमेंट भरलं की काम भागतं. पुढचा टप्पा वेगळा. चहाचा घोट घेतला की कळ येते आणि कप खाली ठेवला तरी ती जात नाही. रात्री आडवं पडलं की ठणका वाढतो, उठून बसलं की जरा उतरतो. काही जण तोंडात बर्फाचं पाणी धरून रात्र काढतात, कारण गारव्यानेच तेवढं बरं वाटतं. कुणी असं सांगितलं की मला एक्स-रेच्या आधीच अंदाज येतो, की ही नस आता सुधारणार नाही.

आणि मग एक दिवस ठणका आपोआप बसतो. घरात कुणी लवंगेच्या तेलाला श्रेय देतं, कुणी मिश्रीला, कुणी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांना. प्रत्यक्षात आतली नस मेलेली असते, म्हणून ती कळ देत नाही. जंतू मात्र जिवंत असतात. ते मुळाच्या टोकातून बाहेर पडून जबड्याच्या हाडात पसरू लागतात. महिनोन्महिने काहीच कळत नाही. कधी हिरडीवर छोटीशी पुळी येते, फुटते, पुन्हा येते. आणि एका सकाळी गाल सुजलेला असतो.

अँटिबायोटिकचा कोर्स करून दाढ बरी होईल असं मानणारे खूप आहेत. गोळीतलं औषध रक्तातून जातं. नस मेल्यावर दाढेच्या आत रक्तच फिरत नाही, मग औषध तिथे पोचणार कसं? सूज पसरत असेल, ताप असेल, तेव्हा गोळ्या लागतात आणि मी देते. पण आतली घाण साफ केल्याशिवाय त्यांचा उपयोग तात्पुरताच. मधुमेह असणाऱ्यांनी यात मुळीच वेळ घालवू नये. सूज जबड्याखाली उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

आता दुखण्याबद्दल. भूल नीट चढली असेल तर काम चालू असताना दाब जाणवतो, पाण्याचा फवारा जाणवतो, कळ येत नाही. मात्र खालची दाढ फार ठणकत असताना आलात, तर एका इंजेक्शनात ती पुरती बधिर होईलच असं नाही. अशा वेळी दुसरी जागा निवडून पुन्हा भूल द्यावी लागते. त्यात कुणाचा दोष नाही. चिडलेली नस भुलीला दाद देत नाही. म्हणून मी आधीच सांगून ठेवते, जरा जरी दुखलं तरी डावा हात वर करा, मी थांबते. दात घट्ट आवळून सहन करणाऱ्या काकांपेक्षा हात वर करणाऱ्या मावशी मला परवडतात. ब्लडप्रेशरच्या, हृदयाच्या, रक्त पातळ करण्याच्या ज्या गोळ्या चालू असतील त्या सगळ्या पाकिटासकट घेऊन या, आणि मनाने कुठलीही बंद करून येऊ नका. गरोदर असाल तर तेही सांगा. ठणकती दाढ नऊ महिने सोसत बसायची गरज नसते, मधल्या तीन महिन्यांत हे काम नीट करता येतं.

पेशंटला बघायचं असेल तर मी नळ्या घासायची फाइल हातात देते. केसासारखी बारीक, वाकणारी सुई आणि तिला रंगीत मूठ. जांभळ्या मुठीची दहा नंबरची, तिचं टोक 0.10 मिलिमीटर जाड. पांढरी पंधराची, पिवळी वीसची, लाल पंचविसाची. खालच्या दाढेच्या मुळांत नसेच्या बहुधा तीन नळ्या असतात. वरच्या पहिल्या दाढेत निम्म्याहून अधिक वेळा चौथी असते आणि ती अशी लपलेली असते की भिंगाखाली शोधावी लागते. ती राहून गेली तर पुढे दाढ पुन्हा त्रास देऊ शकते. प्रत्येक नळीची लांबी मोजायची, घासायची, हायपोक्लोराइट या जंतू मारणाऱ्या द्रावणाने पुन्हा पुन्हा धुवायची. खरं काम हे धुण्याचं असतं, कारण नळीच्या कानाकोपऱ्यांत फाइल पोचत नाही, ते द्रावण पोचतं. घाईत उरकलेल्या रूट कॅनलमध्ये हीच पायरी आखडती घेतली जाते, म्हणून तासभर आ वासून बसवल्याबद्दल डॉक्टरवर रागावू नका. शेवटी नळ्या गटापर्चाच्या गुलाबी काड्यांनी भरायच्या. हा मलेशिया-इंडोनेशियाकडच्या एका झाडाचा चीक. एकेकाळी समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींना त्याचंच वेष्टण असे.

दाढेभोवती रबराचा पातळ पडदा लावतात, त्याला रबर डॅम म्हणतात. 1864 साली बार्नम नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने तो पहिल्यांदा वापरला. थुंकीतले जंतू दाढेत जात नाहीत, आणि बारीक फाइल घशात पडायचा धोका राहत नाही. तुमच्या डॉक्टरांना तो लावाल का म्हणून खुशाल विचारा. विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

काम एका बैठकीत होईल की तीन, हे दाढेवर ठरतं. पू येत असेल तर मी आत कॅल्शियमचं औषध ठेवून, वरून तात्पुरतं सिमेंट लावून आठ-दहा दिवसांनी बोलावते. आणि ठणका दुसऱ्यांदा थांबतो तो इथेच.

गेल्या पावसाळ्यात एक आजी आल्या. दाढ वर्षापूर्वी दुसरीकडे उघडलेली, पुढच्या तारखेला त्या गेल्याच नव्हत्या. "आवषीद घातलं आन् दुखायचंच थांबलं की ओ. मग कशाला यष्टीचं भाडं घालवायचं?" तात्पुरतं सिमेंट केव्हाच झिजून निघालं होतं. आत भाताची शितं अडकलेली, कीड हिरडीच्या खाली उतरलेली, दाढेच्या चार भिंतींपैकी एकच उभी. कॅप, म्हणजे दाढेवरचं टोपण, बसवायला आधारच उरला नव्हता. दाढ काढावी लागली. त्यावर त्यांची पहिली काळजी ही, की वरची दाढ काढली तर नजर जाईल. दातांच्या नसा वेगळ्या आणि नजरेची नस वेगळी, हे त्यांना कवटीचं चित्र दाखवून समजावलं तेव्हा कुठे त्या निवांत झाल्या. पण त्या आजींची दाढ आणखी एका बैठकीत वाचली असती, ही गोष्ट मला अजून सलते.

खर्चाचं म्हणाल तर अडचण मोकळेपणाने सांगा. हप्ते पाडून देता येतात. कराड, सांगली, पुणे इथल्या दंत महाविद्यालयांत बरंच स्वस्तात काम होतं. तिथे शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात, त्यामुळे खेपा जास्त पडतात, एवढी तयारी ठेवायची.

काम संपल्यावर दोन-तीन दिवस चावताना दुखरं वाटू शकतं. ते साध्या गोळीने जातं. वाढत चाललं तर फोन करा. पण दाढेवर कॅप बसेपर्यंत तिच्यावर भरवसा ठेवू नका. कीड आणि आमचं ड्रिल यांनी तिचा बराचसा भाग गेलेला असतो, ती आता पोखरलेल्या वाशासारखी असते. आमच्या भागात हंगामात ऊस दातांनीच सोलून खातात, आणि कॅप पुढच्या महिन्यात बघू म्हणणाऱ्यांच्या दाढा मी मुळापर्यंत उभ्या चिरलेल्या पाहिल्या आहेत. तशी चीर सांधता येत नाही. पुढच्या दाताला भोक लहान असेल तर नुसतं भरून चालतं. दाढेला कॅप हवीच. निव्वळ धातूची, पोर्सिलीनची की झिरकोनियाची, हे खिशाप्रमाणे ठरवा, पण बसवा.

आणि वर्षभराने एकदा एक्स-रेला या. मुळाच्या टोकाशी हाड विरघळून झालेला काळा डाग भरून यायला महिने लागतात, त्या काळात दुखत काहीच नसतं, म्हणून कुणी फिरकत नाही. एक शाळामास्तर मात्र सांगितल्या तारखेला आले. त्यांच्या पहिल्या एक्स-रेत खालच्या दाढेखाली हरभऱ्याच्या दाण्याएवढा डाग होता, दुसऱ्यात तिथे हाडाची पांढरी जाळी आली होती. त्यांची परवानगी घेऊन, नाव झाकून, ते दोन्ही एक्स-रे मी टेबलाच्या काचेखाली लावलेत. दुखत नाही तर कशाला यायचं, असं कुणी विचारलं की तेच दाखवते.