झावळ्यांचा रविवार आणि होळीचा ढोल

२०२४ साली २४ मार्चला झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार (पाम संडे), आला आणि त्याच रात्री होळी पेटणार होती. दोन्ही सण पौर्णिमेवर बेतलेले, त्यामुळे होळी नेहमी आमच्या प्रायश्चित्तकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांच्या, आसपासच येते. पण असा एकाच दिवशी मेळ क्वचित. मी सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा तालुक्यातल्या एका मिशन शाळेत संगीत शिकवते आणि चर्चचा कॉयर (गायकवृंद) बसवते. त्यामुळे झावळ्यांच्या मिरवणुकीत ढोल वाजवायचा की नाही, हा वाद थेट माझ्या दारात आला.

वाद नवा नव्हता. पाड्यावरच्या मंडळींना ढोल हवा होता. कॉलेजातल्या पोरांना कीबोर्ड, ड्रम पॅड आणि मोबाइलवर ऐकलेली हिंदी स्तुतिगीतं. निवृत्त कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षण देणाऱ्या, मास्तरांना या दोन्हींतलं काहीच नको होतं. त्यांच्या लेखी पेटी आणि जुनी मराठी गीतं, बस्स. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढले. गोव्याची, तमिळ, अँग्लो-इंडियन कुटुंबं एका चर्चमध्ये आणि गाणी बहुतेक इंग्रजी. त्यामुळे मास्तरांची ओढ मला परकी नाही.

आणि त्यांचा विरोध हटवादी नव्हता. "बाई, माझ्या बापानं ढोल सोडला तेव्हा भावकीनं त्याला वाळीत टाकलं. आता तोच ढोल तुम्ही वेदीपुढं आणणार?" यावर काय बोलावं? ज्यानं किंमत मोजली, त्याला समितीतल्या ठरावानं गप्प करता येत नाही, करूही नये.

शिवाय नियम त्यांच्या अगदीच विरुद्ध नव्हता. पोप दहावे पायस यांनी १९०३ मध्ये चर्चमधून पियानो आणि ढोल-झांजांसारखी वाद्यं हद्दपार केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेवरचा दस्तऐवज काढला. त्यात ग्रेगोरियन गायनाला (चर्चच्या जुन्या लॅटिन गायनाला) मानाचं पान आहेच, पण जिथं लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिथं तिलाही योग्य तो मान द्या, असंही स्पष्ट म्हटलंय. मात्र प्रायश्चित्तकाळात वाद्य वाजवायचं ते केवळ गाण्याला आधार म्हणून. म्हणजे ढोलाला बंदी नाही, पण नुसत्या ढोलाला जागा नाही. आणि नेमकं हेच कीबोर्डलाही लागू! पोरांना ते ऐकवलं तेव्हा त्यांची तोंडं उतरली.

फादरांनी मिरवणुकीपुरता ढोल मान्य केला आणि तालीम माझ्यावर सोपवली. ढोलवाले दादा पावरा आदिवासी, कॅथलिक. त्यांचे भाऊ मात्र होळीची पाळणी, म्हणजे होळीचं व्रत, पाळणारे. त्यांना दोन कडव्यांच्या मधे थांबायला सांगितलं, तर ते जमेना. होळीत ढोल थांबतच नाही. "बाई, ढोल थांबला की नाचणारा पडतो." मी म्हटलं, "दादा, इथं गाणारा आहे, त्याला दम घ्यायचाय." ते विचारात पडले. मग त्यांनी उजव्या हातातली काठी खाली ठेवली आणि डाव्या हाताच्या बोटांनी चामड्यावर फक्त मात्रा धरून ठेवली. बायका पुढची ओळ उचलायच्या, तेव्हाच काठी पुन्हा उचलली. मी अनेक वादक शिकवलेत. गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघत वाजवणारे फार थोडे.

रविवारी उन्हं चढायच्या आत शाळेच्या पटांगणात शिंदीच्या झावळ्यांना आशीर्वाद दिला आणि मिरवणूक निघाली. मास्तर आले नाहीत, ते चर्चमध्येच बसून राहिले. पोरांनी पिकअपवर कीबोर्ड आणि बॅटरीचा स्पीकर चढवला होता. मला न विचारता तयार ताल चालू केला, आणि तो तर धावतच सुटला. मागं एक आजी झावळी कवटाळून चालत होत्या. मला म्हणाल्या, "पोरी, गाणं पुढे पयी जास, मी मांगे राही जास." गाणं पुढे पळतंय, मी मागे राहतेय.

वळणावर होळीची मंडळी समोरून आली. घुंगरं, रंगवलेली अंगं, मोठे ढोल. निम्मी आमच्याच लोकांच्या नात्यातली. त्यांचा ताल आमच्यावर आदळला आणि 'होसान्ना' विस्कटलं. पोरांनी स्पीकर वाढवला. मग तर कुणालाच काही ऐकू येईना, बायकांची तोंडं मिटली.

ढोलवाले दादा पिकअपजवळून मागं सरकले, आजींच्या बाजूला आले आणि त्यांच्या पावलाच्या गतीनं वाजवू लागले. अगदी संथ. आजींनी ओळ धरली, शेजारणीनं उचलली, मग मागची सगळी रांग गायला लागली. समोरचे ढोल वाजतच होते, कुणी कुणाला थांबवलं नाही. पण आमचं गाणं आमच्याकडं परत आलं होतं. पिकअपवरच्या मुलानं थोड्या वेळानं आपणहून ताल बंद केला आणि नुसते सूर धरले. त्या मुलाचं मला फार कौतुक वाटलं.

चर्चच्या दाराशी ढोल थांबला. आत मार्कच्या शुभवर्तमानातला दुःखसहनाचा वृत्तांत वाचला गेला, वाद्याविना.

माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. ढोल आपला आणि कीबोर्ड परका, किंवा पेटी पवित्र आणि ढोल अपवित्र, ही भांडणं दुय्यम आहेत. ज्या वाद्यानं मंडळी गातात ते ठेवावं, ज्यानं त्यांची तोंडं बंद होतात ते बाजूला करावं. परिषदेनं श्रद्धावंतांचा पूर्ण, सजग आणि सक्रिय सहभाग मागितला आहे. कॉयरचा कार्यक्रम मागितलेला नाही, माझा तर नाहीच.

मिस्सा, म्हणजे उपासना, संपल्यावर मास्तरांशी बराच वेळ बोलले. "गाणं आत ऐकू येत होतं," एवढं त्यांनी मान्य केलं. ईस्टरच्या जागरणविधीत गौरवगीताला घंटा वाजतात, त्यांच्यासोबत ढोल चालेल, पण पवित्र शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तो आवारातही नको, असं त्यांनी सांगितलं. फादर आणि मी दोघांनीही ते मानलं. कीबोर्डचा तयार ताल चर्चमध्ये कायमचा बंद झाला. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी, म्हणजे मिस्सात पवित्र भाकर वाटताना, ढोल असावा का, यावर पाड्यावरची मंडळी आणि मास्तर अजून अडलेले आहेत. तिथं मी मास्तरांच्या बाजूनं आहे, आणि पुढच्या बैठकीत तसं बोलणार आहे.