श्रावणी सोमवार, गोळी चढल्यावर

श्रावणातला सोमवार. बाहेर भुरभुर चालू आहे, जिन्याच्या पायऱ्या ओल्या आहेत. पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, असलेल्या घरात अशा दिवशी आधी दारातलं पायपुसणं उचलायचं. पाऊल जमिनीपासून पुरतं उचललं जात नाही, त्यामुळे पायपुसण्याची दुमडलेली कड पायात येते.

सकाळची गोळी पलंगावर बसूनच घ्यायची. लेव्होडोपा-कार्बिडोपा, म्हणजे आपल्याकडे बहुतेकांच्या तोंडी सिंडोपा. ग्लासभर साधं पाणी, दूध नाही. रात्रीच उशाशी डबीत काढून ठेवली तर अंग आखडलेलं असताना कपाटापर्यंत जावं लागत नाही. गोळी घेऊन लगेच उभं राहू नये. पाय खाली सोडून दोन मिनिटं बसावं, पावलं वरखाली करावीत, मग उठावं. उठताना रक्तदाब एकदम उतरतो, आजारामुळे आणि गोळ्यांमुळेही, आणि बाथरूमच्या दाराशी भोवंड येते. चक्कर येते म्हणून कुणी परस्पर सिनारिझिन दिली तर मात्र थांबवा. ती पार्किन्सन्सची लक्षणं वाढवते. उलटीसाठी दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइडही तसंच. ही दोन नावं कागदावर लिहून पाकिटात ठेवलेली बरी, कारण कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना घाईत आठवतीलच असं नाही.

गोळी चढायला अर्धा-पाऊण तास लागतो. सुरुवातीच्या वर्षांत ती कधी चढली, कधी उतरली हे कळतही नाही. पुढे तिचा अंमल तीन-साडेतीन तासांवर येतो, कुणाचा दोनवर, आणि दिवसाचे सरळ ऑन (गोळी चढलेली असते तेव्हाचा) आणि ऑफ (ती उतरल्यावरचा) असे तुकडे पडतात. बहुतेक घरांत ऑनचे तास दाढी, अंघोळ आणि बँकेचं काम यांत जातात. आवडीचं काम ‘वेळ उरला तर’ या खात्यात. मला हे उलटं वाटतं. अंघोळ प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून, भिंतीला पक्की दांडी असेल आणि शुभंकर, म्हणजे काळजी घेणारं घरचं माणूस, हाताशी असेल तर ऑफमध्येही उरकते. दाढी बसून, ट्रिमरनं. पण पेटी वाजवणं, कॅरम, नातवाच्या वहीला कव्हर घालणं ऑफमध्ये होत नाही. चांगला तास आधी त्याला द्यावा. शिस्तप्रिय शुभंकरांना हे पटत नाही, आणि पुण्यात शिस्तप्रिय शुभंकरांची टंचाई नाही.

आज उपास. खिचडीचा आणि गोळीचा संबंध असा की लेव्होडोपा हे स्वतःच एक अमिनो आम्ल आहे. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत नेणारी जी यंत्रणा ते वापरतं, तीच प्रथिनांतली अमिनो आम्लंही वापरतात. गर्दी झाली की गोळी मागं राहते. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास, किंवा जेवणानंतर तासाभरानं. चहातल्या चमचाभर दुधानं बिघडत नाही. वाटीभर दाण्याचं कूट घातलेली खिचडी आणि वर दही, याबरोबरच गोळी घेतली तर ती चढलीच नाही असं वाटू शकतं, आणि मग माणूस दुसरी घेतो. तसं करू नये. ज्यांना हा फरक स्पष्ट जाणवतो त्यांनी डॉक्टरांना विचारून उसळ, पनीर, अंडी रात्रीच्या जेवणाकडे सरकवावीत. प्रथिनं कमी करायची नाहीत, फक्त वेळ बदलायची. नाहीतर वजन उतरतं, आणि या आजारात ते तसंही उतरत असतं. लोहाच्या गोळीतही किमान दोन तासांचं अंतर हवं. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांच्यासाठी साबुदाणा चिकट पडतो. त्यांना वरीचे तांदूळ मऊ शिजवून, दाण्याची आमटी जरा दाट ठेवून द्यावेत. पातळ आमटीनं ठसका जास्त लागतो.

खाजकुहिलीच्या बियांची पावडर ‘आयुर्वेदिकच तर आहे’ म्हणून आणली जाते. तिच्यात खरोखरच लेव्होडोपा असतं. किती ते मात्र प्रत्येक डब्यात वेगळं. गोळीवर ती भर पडली की अंग वेडंवाकडं हलायला लागतं, आणि दोष गोळीला जातो.

आता श्रावणातला माझा आवडता विषय, वाती. पार्किन्सन्सचा कंप हात स्वस्थ असताना जास्त दिसतो. अंगठा आणि तर्जनी वात वळल्यासारखी एकमेकांवर फिरत राहतात. हाताला खरंच काम दिलं की पुष्कळांचा कंप कमी होतो. त्यामुळे चातुर्मासात लाख वातींचा नेम करणाऱ्या घरांत शुभार्थीला, म्हणजे आजार असलेल्या माणसाला, या कामातून सूट देऊ नये. लांब वात अवघड, तिला दोन्ही तळवे एका लयीत लागतात. फुलवात सोपी. कापूस सरकीचे कण काढून आधीच पिंजून ठेवायचा. रुपयाएवढी चकती पसरायची, कडा वर गोळा करायच्या, दुधाचं बोट लावून टोक पिळायचं. ताट काळं किंवा गडद निळं घ्यावं. पांढऱ्या ताटात पांढरा कापूस दिसत नाही, कारण या आजारात रंगांमधला सूक्ष्म फरकही कळेनासा होतो. कोपर टेबलावर टेकलेलं असावं. दहा-पंधरा मिनिटांनी वाती बारीक होऊ लागतात, जसं अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होत जातं. तेव्हा थांबायचं, हात झटकायचे, पुन्हा मुद्दाम मोठी वात करायची. ‘मोठं करा’ हा शब्द मनात म्हटला तर हात ऐकतो. सही करताना, पाऊल टाकताना, बोलतानाही हेच.

जुईचा गजरा शेजारी ठेवला तरी वास येत नाही, ही तक्रार या आजारात पुष्कळांची. घ्राणशक्ती बहुधा कंपाच्या कितीतरी वर्षं आधीच जाते आणि गोळीनं परत येत नाही. फुलांचा आनंद मग डोळ्यांनी आणि बोटांनी घ्यायचा. तेरडा त्यासाठी झकास, पिकलेली बोंडं चिमटीत फुटतात. पण गॅसचा वास येत नाही, याची सोय करायला हवी. गॅस गळतीचा अलार्म बसवावा, आणि दूध नासलंय का हे दुसऱ्यानं बघावं.

पाऊस थांबला की सारसबाग. रिक्षात चढताना आत डोकं घालून पाय उचलायचा नाही. पाठ सीटकडे करून आधी टेकायचं, मग दोन्ही पाय आत फिरवायचे. रिक्षावाल्याला आधीच ‘दोन मिनिटं लागतील’ म्हणून सांगितलं की हॉर्न वाजत नाही. निदान त्याचा.

चालण्याची लय बाहेरून मिळाली तर पावलं सुटतात. नेहमीच्या चालीनं अर्ध्या मिनिटात किती पावलं पडतात ती मोजायची, दुप्पट करायची आणि त्यात सुमारे दहा टक्के वाढवून मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून ठेका देणारं यंत्र, लावायचा. मिनिटाला ९० पडत असतील तर ९९-१००. फार वाढवला तर पावलं तुडतुडी पडायला लागतात आणि तोल पुढं जातो. मेट्रोनोमची टिकटिक कंटाळवाणी असते. त्याच वेगात ‘ज्ञानोबा-तुकाराम’ म्हणत चालणं मला जास्त बरं वाटतं. वारकऱ्यांना हे कुणी सांगावं लागलं नाही.

पाय जमिनीला चिकटले, म्हणजे फ्रीझिंग झालं, की रेटायचं नाही. थांबायचं, श्वास घ्यायचा, वजन डावीकडे-उजवीकडे डोलवायचं आणि एक लांब पाऊल टाकायचं. शुभंकरानं हात धरून पुढं ओढू नये, त्यानं माणूस तोंडावर पडतो. आपलं पाऊल त्याच्या पावलापुढं आडवं ठेवावं. ते ओलांडायला पाय बरोबर उठतो. याच कारणानं जुन्या वाड्यातला उंबरठा फ्लॅटच्या सपाट दारापेक्षा सोपा जातो, आणि काहींना पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढणं बागेतल्या सपाट वाटेपेक्षा सोपं वाटतं. उतरताना मात्र कठडा, आणि पावसाळ्यात पर्वती नकोच, शेवाळ असतं. घरात दाराशी रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावाव्यात, दोन इंच रुंद, एका पावलाच्या अंतरानं, फरशीच्या उलट रंगाच्या. वळताना जागच्या जागी गिरकी घ्यायची नाही, अर्धवर्तुळात चालत वळायचं. चालताना बोलायचं नाही. पुणेकराला हे जड जातं, पण दोन कामं एकदम आली की मेंदू चालणं सोडून देतो.

दिवसाची अशी रोजनिशी ठेवावी, तिचा खरा उपयोग न्यूरॉलॉजिस्टकडे. पानावर तास आखायचे. प्रत्येकापुढं ऑन, ऑफ किंवा ‘जास्त हालचाल’ (अंग आपोआप वेडंवाकडं हलणं), गोळीची वेळ, जेवणाची वेळ. तपासणीआधीचे तीन दिवस एवढं नीट लिहिलं तरी डोस बदलायचा की गोळ्यांमधलं अंतर, हे ठरवायला त्यांना सोपं जातं. ‘मधूनमधून बरं नसतं’ एवढ्यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही. मी त्यात एक रकाना वाढवलाय: ऑनमध्ये काय केलं. तिथं सलग ‘अंघोळ’ दिसलं की वेळापत्रक बदलायचं.

गणपती महिन्यावर आले. आरती हा आवाजाचा उत्तम व्यायाम. पार्किन्सन्समध्ये आवाज खाली जातो आणि बोलणाऱ्याला तो नेहमीइतकाच वाटतो. आरतीत सगळे ओरडत असल्यामुळे तो आपोआप चढतो. उभं राहवत नसेल तर खुर्चीत ताठ बसून, टाळ हातात घेऊन. निरांजन दुसऱ्याकडे. मोदकांची उकड मळायला शुभार्थीकडे द्यावी, गरम असल्यानं आखडलेल्या बोटांना बरं वाटतं. आधी शुभंकरानं हात लावून पाहावं. कळ्या पडल्या तर पडल्या, नाहीतर साचा आहे. विसर्जनाच्या आसपास पेठांतले रस्ते बंद असतात, तेव्हा गोळ्या दहा दिवस पुरतील इतक्या आधीच आणून ठेवायच्या. ही गोळी एकदम बंद झालेली चालत नाही. लांब अंमलाची, सीआर असेल तर ती चावायची किंवा कुटायची नाही. यादी आजच केमिस्टकडे दिली.