न्यूझीलंडला जाताना बूट का घासायचे : माझा अनुभव

भाची ऑकलंडला असते, तिच्याकडं जायचं ठरलं. व्हिसाचं काम एजंटनं केलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरी प्रोसेस सामानाची, आणि तीच नीट लिहितो, कारण आपण सोलापूरकर शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेतल्याशिवाय कुठं निघत नाही.

निघायच्या आधी ऑनलाइन डिक्लेरेशन भरायचं असतं. खायचं काय आणताय, बिया-रोपं आहेत का, गेल्या 30 दिवसांत रानात किंवा शेतावर गेला होता का, सगळं विचारतात. मी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात, माळरानावर कायम जाणारा, सरळ हो लिहिलं. लपवलं आणि सापडलं तर जागेवर 400 डॉलर दंड आहे. मग बूट घेऊन बसलो. तळव्याची माती ब्रशनं निघते हो, पण कुसळं! लेसमध्ये, जिभेखाली, मोज्यांच्या विणीत रुतलेली, चिमट्यानं एकेक ओढून काढली, कारण प्रत्येक कुसळाच्या टोकाला बी असतं. मध, कढीपत्ता, तुळशीचं बी घरीच ठेवलं. चटणी भाजलेल्या दाण्यांची, पॅकबंद, लेबलवाली.

विमानतळावर बीगल कुत्रं बॅगा हुंगत होतं. ऑफिसरबाईंनी लेबल वाचलं, बूट उलटे करून खाचा बघितल्या आणि सोडलं, काही त्रास नाही.

एवढं कशासाठी हे ऑकलंडजवळच्या तिरितिरी मातांगी या पक्ष्यांसाठी राखलेल्या बेटावर कळलं. फेरीत बसायच्या आधी परत बूट घासा, बॅगेत उंदीर-मुंगी नाही ना बघा. न्यूझीलंडात माणूस यायच्या आधी जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं, त्यामुळं कितीतरी पक्षी उडणंच विसरले, अंडी जमिनीवर. मग माणसांबरोबर उंदीर आले, नंतर स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी), पॉसम (झाडावर राहणारा, पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवणारा प्राणी), आणि पक्षी संपत गेले. या बेटावर 1984 पासून दहा वर्षं लोकांनी स्वतः अडीच लाखांवर झाडं लावली, 1993 ला उंदीर संपवले. तिथं ताकाहे हा न उडणारा पक्षी बघितला, निळा-हिरवा, जाडजूड, 1948 पर्यंत नामशेष समजलेला. गवताची काडी पायात धरून बुडखा तेवढा खात होता, आमच्याकडं लक्षच नाही. मला आपला माळढोक आठवला, तोही जमिनीवरच अंडं घालतो, बहुतेक एकच. नान्नजच्या गेटवर असा ब्रश ठेवा म्हणून वनविभागाला अर्ज देणार आहे, गाजरगवताचं बी आपल्याच बुटातनं आत जातं.

समुद्राचंही तेच. 2018 पासून बाहेरच्या जहाजांचा तळ साफ लागतो, कारण त्याला चिकटून शेवाळ, शिंपले येतात. तरी 2021 ला ग्रेट बॅरियर बेटाजवळ कॉलर्पा हे परकं शेवाळ सापडलंच, समुद्रतळ झाकून टाकतं, म्हणून तिथल्या काही खाड्यांत नांगर टाकायला बंदी घातली. भाचीच्या शेजाऱ्यांची छोटी बोट आहे, ते मासेमारीहून आले की दोर, जाळी सगळं तपासतात, कारण एवढासा तुकडा राहिला तरी त्यातनं परत वाढतं. मीही सोबत बसून नांगराची साखळी कडी-कडी करून बघितली.