रिक ॲलनची जागा

शेफील्डच्या डेफ लेपर्ड या रॉक बँडचा ड्रमर रिक ॲलन एका हाताने वाजवतो, हे रॉक संगीत ऐकणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते आणि त्याच्या जिद्दीविषयी पुष्कळ लिहूनही झाले आहे. मला मात्र या घटनेत त्याच्या साथीदारांच्या वागण्याविषयी फार आदर वाटतो. गायक जो एलियट, बास वाजवणारा रिक सॅव्हेज आणि स्टीव्ह क्लार्क व फिल कॉलन हे दोन गिटारवादक, या चौघांनी अपघातानंतरच्या काळात आपल्या ड्रमरची जागा ज्या पद्धतीने राखली, त्याविषयी सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते.

ॲलन १९७८मध्ये या बँडमध्ये आला तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता. १९८३मध्ये निघालेल्या ‘पायरोमेनिया’ या अल्बमने अमेरिकेत लाखोंच्या संख्येने खप मिळवला आणि बँड एकदम पहिल्या रांगेत जाऊन बसला. पुढच्या अल्बमचे काम नेदरलँड्समधल्या हिल्व्हरसम येथे सुरू झाले होते आणि नाताळच्या सुट्टीसाठी मंडळी घरी परतली होती. ३१ डिसेंबर १९८४ रोजी शेफील्डजवळच्या डोंगराळ रस्त्यावर ॲलनची गाडी ताब्यातून सुटली, दगडी कुंपण ओलांडून शेतात जाऊन आदळली आणि त्याचा डावा हात खांद्यापासून तुटला. शल्यचिकित्सकांनी तो हात पुन्हा जोडलाही होता, परंतु जंतुसंसर्ग झाल्यामुळे अखेर तो काढून टाकावा लागला. त्या वेळी ॲलन एकवीस वर्षांचा होता.

ड्रमर डावा हात गमावतो म्हणजे नेमके काय गमावतो, हे थोडे समजून घेतले पाहिजे. उजव्या हाताचा वादक साधारणपणे उजव्या हाताने हाय-हॅटच्या झांजा वाजवत लय चालू ठेवतो, उजव्या पायाने मोठा बास ड्रम वाजवतो आणि डाव्या हाताने स्नेअर या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर दुसऱ्या व चौथ्या मात्रेचा ठोका देतो. रॉकच्या गाण्यावर श्रोत्यांच्या टाळ्या पडतात त्या याच दोन मात्रांवर. तबल्यातून डग्गा काढून घेतला तर ठेक्याचा जो भार नाहीसा होईल, तशीच ही हानी होती. शिवाय एकाच वेळी दोन हातांनी करायच्या, ठेक्यांमधल्या भराव्यांचा आणि वेगवान तुकड्यांचा प्रश्न वेगळाच.

रुग्णालयात असतानाच ॲलनच्या लक्षात आले की डाव्या हाताचे काम डाव्या पायाला शिकवता येईल. पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेल्या फोमच्या तुकड्यावर तो पायांनी ठेके धरू लागला. ‘पायरोमेनिया’चा निर्माता मट लँग त्याला भेटायला आला आणि इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या साहाय्याने पुन्हा वाजवणे शक्य आहे, हा विश्वास त्याने ॲलनला दिला. सिमन्स कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवर आधारलेला एक खास संच ॲलनसाठी तयार करण्यात आला, ज्यात डाव्या पायाजवळ अनेक पेडल होती आणि ती दाबली की स्नेअरसारख्या वाद्यांचे आवाज निघत. कल्पना सोपी वाटते, पण प्रत्यक्षात वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेली हालचाल मोडून नवी बसवायची होती आणि त्यासाठी वेळ हवा होता.

हा वेळ साथीदारांनी दिला. ॲलनने थांबायचे की वाजवायचे हा निर्णय सर्वस्वी त्याचा असेल, अशी भूमिका त्यांनी घेतली आणि त्याच्या जागी दुसरा ड्रमर शोधण्याच्या फंदात ते पडले नाहीत. त्या काळातल्या व्यवहाराचा विचार करता ही गोष्ट मुळीच साधी नव्हती. एका मोठ्या यशानंतर पुढचा अल्बम लवकर यावा अशी सगळ्यांची अपेक्षा होती आणि स्टुडिओचा खर्च वाढत चालला होता. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की अल्बम रखडण्याला केवळ अपघात कारणीभूत नव्हता. लँगने थकव्यामुळे सुरुवातीला माघार घेतली होती, जिम स्टाइनमन या दुसऱ्या निर्मात्याबरोबर केलेले ध्वनिमुद्रण बँडला पसंत पडले नाही आणि लँग परत आल्यावर काम जवळजवळ नव्याने सुरू झाले. त्यामुळे ॲलनला सरावासाठी मोकळीक मिळाली हे खरे, पण अशा ओढाताणीत सर्वांत आधी सुटतो तो दुबळा झालेला माणूस, आणि इथे तो सुटला नाही, याचे मोल मला फार वाटते.

साथीदार स्टुडिओत काम करत असताना ॲलन स्वतंत्र खोलीत नव्या संचावर घाम गाळत होता. काही काळाने त्याने सगळ्यांना आत बोलावले आणि लेड झेपेलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्याचा जड, संथ ठेका वाजवून दाखवला. त्या बँडचा ड्रमर जॉन बॉनहॅम याने वाजवलेला तो ठेका रॉक ड्रमवादनातला एक मानदंड समजला जातो. साथीदारांना त्या क्षणी जे कळायचे ते कळले असणार. त्यांनी रोज येऊन चौकशी करण्यापेक्षा, किंवा बरे वाजतेय म्हणून खोटा धीर देण्यापेक्षा, दार बंद ठेवून त्याला चुका करू दिल्या, ही समज मला विशेष वाटते. वादकाला कच्चे वाजवताना कुणी ऐकू नये असे वाटते, हे एखादे वाद्य थोडेफार शिकलेल्या कुणालाही पटेल.

१९८६च्या उन्हाळ्यात रंगमंचावर परतण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी स्टेटस को या बँडचा ड्रमर जेफ रिच याला ॲलनच्या जोडीला घेतले. आयर्लंडमधल्या छोट्या कार्यक्रमांत दोघे शेजारी बसून वाजवत असत. एका कार्यक्रमाला रिच वेळेवर पोहोचू शकला नाही आणि ॲलनला एकट्यानेच सुरुवात करावी लागली. ते इतके नीट पार पडले की आपली आता गरज नाही, असे खुद्द रिचने सांगितले. या सगळ्या हकिकतीत रिचचे नाव फारसे घेतले जात नाही, याचे मला वाईट वाटते. आधार म्हणून बोलावलेल्या माणसाने आपण होऊन बाजूला होणे हेही साथीचेच काम आहे.

त्यानंतर १६ ऑगस्ट १९८६ रोजी कॅसल डॉनिंग्टनच्या ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ महोत्सवात ॲलन एकटा ड्रमवर बसला. एलियटने त्याचे नाव पुकारले आणि हजारो लोकांच्या जल्लोषात बँडला पुढचे गाणे सुरू करायला थांबावे लागले. अल्बम ३ ऑगस्ट १९८७ रोजी आला. ‘हिस्टेरिया’ हे त्याचे नाव ॲलननेच सुचवले होते, अपघात आणि त्यानंतर वृत्तपत्रांनी उठवलेला गदारोळ यांवरून. त्यातले ड्रमचे बरेचसे आवाज लँगने यंत्रावर रचले होते, त्यामुळे ॲलनचे खरे वादन ऐकायचे तर मैफलीतच ऐकावे लागते. त्यापुढच्या दौऱ्यात मंच सभागृहाच्या मधोमध होता आणि लोक चारही बाजूंनी त्याला पाहत होते. १९८८मध्ये हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला आणि आजवर जगभर त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत.

याच बँडचा विचार करताना स्टीव्ह क्लार्कला वगळता येत नाही. त्याला मद्याने ग्रासले होते. त्यालाही साथीदारांनी काढून टाकले नाही, उलट बरा होऊन ये म्हणून सहा महिन्यांची रजा दिली. ८ जानेवारी १९९१ रोजी तो मरण पावला. ॲलनच्या जखमेला एक निश्चित दिवस होता, एक हात नव्हता आणि काय करायचे हे डोळ्यांसमोर होते. क्लार्कच्या दुखण्याला असे काही टोक नव्हते, ज्याला धरून मित्रांना त्याला वर ओढता यावे. तेच मित्र, तीच आपुलकी, आणि तरीही तो हातातून निसटला.

ॲलनच्याही मनावरचा आघात पुष्कळ वर्षे आत राहिला आणि त्याविषयी तो पुढे उघडपणे बोलू लागला. २००१मध्ये त्याने आणि पुढे त्याची पत्नी झालेल्या लॉरेन मन्रो यांनी रेव्हन ड्रम फाउंडेशन ही संस्था स्थापन केली, जी युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी आणि आघातातून गेलेल्या इतरांसाठी ड्रमवादनाच्या माध्यमातून काम करते. अवयव गमावलेल्या सैनिकांना तो स्वतः जाऊन भेटत आला आहे. डेफ लेपर्डच्या ड्रमवर आजही तोच बसतो.