तुम्ही विचारलेत म्हणून : गरिबी आणि राज्यशास्त्र

"गरिबी हा अर्थशास्त्राचा विषय, तुम्ही राज्यशास्त्राच्या असून इतकी वर्षे त्यातच कशा?" वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या शेजाऱ्यांपासून सयाजीराव विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांपर्यंत अनेकजण हे विचारतात, म्हणून एकदा नीट लिहिते.

एम. ए. करताना मीही तसेच मानत होते. अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली माणशी रोजचे २२५० उष्मांक ही कसोटी धरून देशातले दारिद्र्य मोजले होते, आणि मला ते पुरेसे वाटे.

२००२ मध्ये ग्रामीण भागात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे शोधण्याची पाहणी सुरू झाली, तेव्हा माझे पीएच. डी. चालू होते. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. गुण जितके कमी, तितके कुटुंब अधिक गरीब. वडोदऱ्याजवळच्या एका गावात पंचायतीच्या ओट्यावर मी ही मोजणी पाहत बसले होते. घरातल्या वस्तूंच्या प्रश्नाशी एक विधवा बाई थबकल्या. जावयाने दिलेला पंखा घरात होता, पण बिल थकल्यामुळे वीज तोडलेली होती. "बेन, बंध पंखो गणाय?" त्यांनी मलाच विचारले. बंद पंखा मोजायचा की नाही, हे फॉर्मवर लिहिलेले नव्हते. लिहिणाऱ्याने क्षणभर विचार करून एक गुण मांडला.

पुढे कळले की गरिबांची संख्या नियोजन आयोगाच्या अंदाजापलीकडे जाऊ नये, असे बंधन राज्यांवर होते. म्हणजे किती गुणांपर्यंतच्या कुटुंबाला गरीब म्हणायचे, हे त्याच्या गरजेपेक्षा आधीच ठरलेल्या आकड्यावर अवलंबून होते. हा निर्णय सत्तेचा आहे, आणि सत्तेचे निर्णय तपासणे हेच राज्यशास्त्राचे काम आहे, म्हणून माझा प्रबंध त्या ओट्यावरच नव्याने सुरू झाला. अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली आला, त्यातही स्वस्त धान्य ग्रामीण ७५ आणि शहरी ५० टक्के लोकांपर्यंतच, अशी मर्यादा आहेच, आणि लाभार्थ्यांचा हिशेब अजून २०११ च्या जनगणनेवर चालतो, हे मला अन्यायाचे वाटते. याच बडोद्यात १९०६ साली सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा शाळेत बसण्यासाठी कोणत्याही मुलाला आपली गरिबी सिद्ध करावी लागली नव्हती.

दरवर्षी पहिल्या तासाला मी विद्यार्थ्यांच्या हाती तो तेरा प्रश्नांचा फॉर्म देते, आणि पंख्याच्या रकान्यात काय लिहाल, असे विचारते.